मनीची जखम

करवीर तालुक्यात भात पिकतो, ऊसही पिकतो. घरात भाताची पोती आली की मागोमाग उंदीर येतात. म्हणून घरोघरी मांजर पाळतात. मांजर म्हणजे बिनपगारी राखणदारच!

आमच्या शेजारच्या आजींची मांजर मनी. एका रात्री कौलांवर बोक्याशी तिचे भांडण झाले. सकाळी ती लंगडत आली. मागच्या पायावर दातांची दोन बारीक भोके होती. आजी म्हणाल्या, "एवढंसं तर हाय. चाटून चाटून बरं हुईल."

तिसऱ्या दिवशी पाय टम्म सुजला. अंग तापले. मनी दुधाला तोंड लावीना. सूनबाईंनी फिनेलची बाटली काढली. आम्ही म्हणालो, "वहिनी, थांबा! ते लावू नका."

"का बरं? बैलाच्या जखमेला आमी हेच लावतो की!"

बैल केवढा, मांजर केवढे! शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते. जखमेवर जे लावाल, ते त्याच्या पोटात जाते. फिनेल आणि रॉकेल मांजराला विष आहे. पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशकही विषच. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकते.

मग पाय सुजला कशाने? मांजराचा दात सुईसारखा असतो. तो खोल जातो. वरचे भोक लवकर मिटते आणि जंतू आत कोंडतात. दोन-चार दिवसांत तिथे पू होतो. म्हणून भोक लहान दिसले तरी जखम लहान समजू नये.

आम्ही अर्धा लिटर पाणी उकळले. त्यात एक सपाट चमचा मीठ टाकले. पाणी कोमट होऊ दिले. हात साबणाने धुतले. मनीला जुन्या लुगड्यात गुंडाळले, तोंड तेवढे बाहेर ठेवले. स्वच्छ कापडाने त्या पाण्याने जखम हलकेच धुतली. सूज दाबली नाही. मग मनीला बुट्टीत घालून, वर कापड बांधून, जनावरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी पू काढला, इंजेक्शन दिले. मग विचारले, "हिनं कुणाला ओरबाडलं, चावलं काय?"

सूनबाईंनी हात पुढे केला. धरताना नख लागून रक्त आले होते. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा, आणि आजच सरकारी दवाखाना गाठा. कुत्र्यासारखंच मांजरही पिसाळतं. त्या रोगाची लक्षणं दिसू लागली, की माणूस सहसा वाचत नाही. लस वेळेवर घेतली, तर रोग टळतो."

या रोगाची लस १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली एका मुलाला टोचली गेली. तो मुलगा वाचला. आज आपल्या सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. सूनबाई त्याच दिवशी कोल्हापूरच्या सी. पी. आर. रुग्णालयात गेल्या. पुढच्या सुयाही त्यांनी चुकवल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मनी पुन्हा पोत्यांवर जाऊन बसली. आजींनी तिलाही लस टोचून आणली.

ध्यानात ठेवा :
१. मांजराची जखम मीठ घातलेल्या, उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवा.
२. घरातले औषध लावू नका, माणसाची गोळी देऊ नका.
३. सूज, पू किंवा ताप दिसला की जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.
४. मांजर चावले, ओरबाडले तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.