नदी किती लांब, हे विचारू नका

फ्लॅट दाखवणारा माणूस गॅलरीत उभा राहून हमखास सांगतो, "नदी इथून लांब आहे." खोटं बोलत नसतो तो. कोल्हापुरातल्या आमच्या इमारतीपासूनही पंचगंगा लांबच आहे. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यात शिरलेलं पाणी नदीकडून आलंच नाही, ते मागच्या नाल्यातून आलं. नदी फुगली की जयंती नाला नदीत रिकामा व्हायचा थांबतो आणि उलट नदीच नाल्यात शिरते. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर ही नावं पुराच्या बातमीत येतात ती अशी. सांगलीकरांना शेरीनाल्याने हाच धडा दिला आहे.

तेव्हा अंतर विचारू नये, उंची विचारावी. सोसायटीचा सचिव या नात्याने पूर ओसरल्यावर मी ज्या कागदांमागे हिंडलो, ते खरं तर विसाराची रक्कम देण्याआधी बघायचे असतात.

नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. काठापासून निळ्या रेषेपर्यंत नव्या इमारतीला मनाई. बाग, वाहनतळ, खुला भाजीबाजार असले मोकळे वापर तेवढे चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटरने जास्त हवी. सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे. आमच्या बिल्डरने जोता पंचेचाळीस सेंटिमीटर उचलला होता, फक्त मोजला होता रस्त्यापासून! पुरानंतर आम्ही सर्व्हेअर बोलावून लेव्हल काढली, तर नाल्याकडच्या अंगाला लाल रेषेची पातळी जोत्याच्याही वर कमरेएवढी निघाली.

म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला घेताना पूररेषा दाखवलेला भाग नकाशा मागाच, पण तिथे थांबू नका. आपल्या गट क्रमांकासमोर लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर आहे, हे जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या आणि जोत्याची उंचीही त्याच मापात मोजून घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात, ते फूट इथे कामाचे नाहीत. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पुराच्या पाण्याला उतार असतो, बंधाऱ्यावरची पातळी तुमच्या दारातली नव्हे.

"शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी भल्याभल्यांना झोप लागते. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती अठरा टक्क्यांच्या आसपास जाते, आणि निळ्या रेषेच्या पुराची तर निम्म्याहून जास्त. पूर पाळी लावून येत नाही. बंधाऱ्यावर पाणी २०१९ मध्ये ५५ फुटांवर गेलं, ते २०२१ मध्ये पुन्हा गेलं.

खरेदीखत नोंदणीकृत आहे, बँकेने कर्ज दिलं आहे, घरपट्टी भरतो, यातलं काहीही पूररेषेपुढे टिकत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत (आमची प्रयाग चिखली वेगळी) इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडले गेले. सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नव्हता.

घर घेतल्यावरही डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण आपली उंची तीच राहिली तरी शेजारची बदलते. आमच्या मागच्या पड जागेत रातोरात डंपर रिकामे होऊ लागले. एका एकरावर मीटरभर भराव म्हणजे सुमारे चाळीस लाख लिटर पाण्याची बसायची जागा गेली. ते पाणी कुठेतरी जाणारच. शिवाय तो सैल मुरूम पहिल्या वळवात धुपून नाल्यात उतरतो आणि मोरी अर्धी बुजवतो. म्हणजे नदीला पूर यायच्या आधीच साध्या पावसाने तुंबायची सोय. रस्त्याचंही तसंच. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढत गेलं की आवार खड्ड्यात जातं आणि पावसाळी गटाराचं पाणी फाटकातून आत येतं. नवं डांबर पडण्याआधी सोसायटीने लेखी हरकत घ्यावी, पडल्यावर कोणी ते उचलत नाही.

भरावाची तक्रार एप्रिल-मेमध्ये करावी. तारखेसह फोटो, डंपरचे नंबर, नाल्याची आधीची आणि नंतरची रुंदी एवढं जोडावं. महापालिकेला अर्ज द्यावाच, पण त्याची एक प्रत तहसील कार्यालयात द्यायला विसरू नये. मुरूम हे गौण खनिज, त्याची रॉयल्टी आणि वाहतूक परवाना लागतो. आमचा पूररेषेचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मुरमाच्या पावत्या विचारायला मात्र तलाठी आठवड्याच्या आत दारात हजर होता, आणि डंपर थांबले ते त्याच्यामुळे.