चष्म्याचा कोर्स कुठे आहे?

बारावीच्या मुलांचे पालक हल्ली मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ पुढे करतात. सर्जन स्मार्ट चष्मा लावून ऑपरेशन करतोय. लगेच प्रश्न येतो, ‘याचा कोर्स कुठे असतो?’ माझं उत्तर त्यांना आवडत नाही: असा कोर्स शोधूच नका.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात डॉ. राफाएल ग्रॉसमन यांनी गूगल ग्लास लावून रुग्णाच्या पोटात नळी बसवली. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. शफी अहमद यांनी तशाच चष्म्यातून एक शस्त्रक्रिया जगभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना थेट दाखवली. तेव्हा कुणी ‘गूगल ग्लास तज्ज्ञ’ व्हायचं ठरवलं असतं, तर २०२३ मध्ये पंचाईत झाली असती, कारण त्या वर्षी गूगलने विक्रीच बंद केली. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सचं उत्पादनही २०२४ मध्ये थांबलं. पदवी हातात पडेपर्यंत उपकरण बाजारातून गेलेलं असतं.

ज्या अडचणीसाठी हे चष्मे आले, ती मात्र जुनीच आहे. मणक्यात स्क्रू बसवताना तो हाडाच्या आत कुठे चाललाय हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. दिशा दाखवणारी यंत्रणा असते, पण तिचा पडदा बाजूला. म्हणजे दर वेळी रुग्णावरची नजर उचलायची. ऑगमेडिक्स कंपनीच्या चष्म्याला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी दिली आणि २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेत तो वापरला गेला. त्यातून पाहिलं की सीटी स्कॅनवरून उभा केलेला मणका थेट रुग्णाच्या पाठीतच दिसतो.

ते चित्र खऱ्या हाडावर नेमकं बसवणं ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट. शेजारीच मज्जारज्जू असतो, तेव्हा काही मिलिमीटरची चूकही महागात पडते. हाड निदान आकार बदलत नाही, म्हणून मणक्यात हे साधलं. यकृत श्वासागणिक सरकतं, कापायला घेतलं की त्याचा आकारच बदलतो. आदल्या दिवशीचा स्कॅन तिथे दिशाभूल करू शकतो. हे वाचून ‘मग काय करायचं?’ असं ज्या मुलीला किंवा मुलाला वाटलं, त्यांनीच पुढचं वाचावं.

हे जुळवण्याचं गणित म्हणजे बारावीतल्या व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचाच पुढचा प्रवास. त्यासाठी एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटातून अभियांत्रिकी, जीवशास्त्र सक्तीचं नाही. बायोमेडिकल शाखा नावाने आकर्षक वाटते. पण तिथल्या मुलांना रुग्णालयात प्रत्यक्ष किती काम करायला मिळतं आणि नोकऱ्या उपकरणांच्या विक्री-दुरुस्तीत लागतात की संशोधनात, हे प्रवेशाआधी विचारा. माझा कल आधी संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स, मग बायोमेडिकलमध्ये एम.टेक., या क्रमाकडे आहे. डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणं घडवतात ते पाहायचं असेल, तर आयआयटी मुंबईत २०१४ पासून चालणाऱ्या ‘बेटिक’ केंद्राची माहिती वाचा. चित्रकलेत हात चालत असेल तर डिझाइनची यूसीड परीक्षा आहे. ती कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी देऊ शकतो.

एका वाटेला आपण उगाच कमी लेखतो, ती ऑपरेशन थिएटर टेक्निशियनची. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम त्यासाठी आहे. छतावरच्या झगझगीत दिव्यात चष्म्यातलं चित्र फिकं पडतं. इतर अवजारांसारखा हा चष्मा निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. ऐन ऑपरेशनमध्ये बॅटरी संपली तर काय, हाही प्रश्न असतोच. या गोष्टी टेक्निशियनला आधी कळतात, उपकरण बनवणाऱ्याला बऱ्याचदा नंतर.

सर्जन व्हायचं असेल तर रस्ता ठरलेला: नीट, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, पुढे तीन वर्षांचं एमएस. केवळ चष्म्याच्या ओढीने या रस्त्याला लागू नये.

आणि हजारो रुपये घेऊन ‘वैद्यकीय एआर’चं, म्हणजे खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र बसवणाऱ्या या तंत्राचं, प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासून चार हात दूर राहा. ‘थ्रीडी स्लायसर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सरावासाठी सीटी स्कॅनचे नमुनेही त्यात मिळतात. सुट्टीत पोराला एक मणका त्यातून सुटा करून पाहू द्या. तो तासन् तास त्यात रमतो की दुसऱ्या दिवशीच उठून जातो, हे फी भरण्याआधी घरबसल्या कळेल.