गणिताच्या प्रशिक्षणाला निघालेल्या भाचीस

चि. मुक्ता,


तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांचं गणिताचं प्रशिक्षण तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. आनंद झाला, थोडी काळजीही वाटली. उदाहरणं सोडवता सोडवता गणित शिकवावं, हे व्याख्यान देऊन सांगण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तू पहिल्या तासाला पडद्यावर काही लावू नकोस. एक उदाहरण घाल.

पाच, दहा आणि वीस रुपयांच्या नाण्यांत पन्नास रुपये किती प्रकारे देता येतील? तिन्ही नाणी वापरलीच पाहिजेत असं नाही. एवढं सांगून गप्प बस. प्रकार बारा होतात, पण ते तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. कोणी सुचेल तशी यादी करेल, कोणी आधी वीसची नाणी ठरवून बाकीच्या रकमेकडे वळेल, कोणी आठ-नऊवर अडकेल. ‘बारा झाले, पण तेरावा नाहीच कशावरून?’ एवढंच विचार, आणि मग वाट बघ. स्वतः कधी अडकून सुटलेला नसेल, तो शिक्षक वर्गात अडकलेल्या मुलाला दोन मिनिटंही थांबू देत नाही. रीत सांगून मोकळा होतो.

शाब्दिक उदाहरणांत आपल्याकडे एक खोड घट्ट बसली आहे. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. मग ‘रमाने सात बोरं मैत्रिणीला दिली, तिच्याकडे पाच उरली, आधी किती होती?’ याला मूल बेधडक ‘दोन’ म्हणतं. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलला मुलांना विचारलं होतं, की बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचीच काहीतरी खटपट करून वय काढलं. मला त्या मुलांचा राग येत नाही. आकडे दिसले की उचलायचे, ही सवय त्यांना शाळेनेच लावलेली असते.

शिक्षक तुला विचारतीलच, ‘मॅडम, अशा उदाहरणांत वेळ गेला तर बेरजा-वजाबाक्या कच्च्या राहतील, त्याचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे, उडवून लावू नकोस. अमेरिकेत टॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या ४० शिक्षकांचा अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांना त्यांनी उन्हाळ्यात चार आठवडे एकच गोष्ट शिकवली, की लहान मुलं बेरीज-वजाबाकीची उदाहरणं आपापल्या डोक्याने कशी सोडवतात. तयार पाठटाचण दिलं नाही. पुढे त्या शिक्षकांनी वर्गात उदाहरणांना जास्त वेळ दिला आणि घोकंपट्टीला कमी. तरीही त्यांच्या मुलांना साध्या बेरजा-वजाबाक्या इतरांपेक्षा चांगल्या आठवत होत्या.

म्हणून दुसरा दिवस पूर्ण मुलांच्या वह्यांना दे. ५२ वजा २७ घे. एक मूल ५२मधून २० काढतं, मग ७ काढतं. दुसरं २७पासून ३०, ५० करत वर चढतं आणि ३, २०, २ मिळवून २५ म्हणतं. तिसरं ३५ लिहितं. तिथे फुली मारू देऊ नकोस. त्याने काय केलं असेल ते शिक्षकांनाच शोधू दे. सातातून दोन, पाचातून दोन, म्हणजे दोन्ही घरांत त्याने मोठ्यातून लहान काढलं. हे ज्याला दिसलं, तो उद्या त्या मुलाच्या हातात दशकाच्या जुड्या आणि सुट्ट्या काड्या देईल. हातचा पाठ करून घेण्यापेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं.

गणितज्ञ पोल्या यांच्या १९४५च्या पुस्तकातल्या उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगायच्या असतील तर शेवटी सांग. आधी सांगितल्यास त्यांचा तक्ता होतो, आणि चौथी पायरी, म्हणजे सोडवून झाल्यावर मागे वळून पाहणं, तासाच्या घंटेत बुडते.

द्विशिक्षकी शाळेतल्यांना वेगळं बसव. तीन इयत्ता एकत्र घेणाऱ्याला एकच उदाहरण लहानमोठ्या आकड्यांनी कसं घालता येईल, हेच हवं असतं.

प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणाव्यात, असं प्रशिक्षणाच्या पत्रातच लिहून घे. आयत्या वेळी त्या मिळत नाहीत.

तुझी,
मावशी