सेन्सर बदलण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेला महिनाभर डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतोय. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. पण तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलं, की पुन्हा सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तर पी०३४० असा कोड आला. ‘कॅमशाफ्ट सेन्सर गेलाय, बदलून टाका,’ असं सांगितलं. तो खरंच गेलाय का, हे घरी तपासता येईल का? आणि हा सेन्सर करतो तरी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घरी तपासता येतं, आणि नवा सेन्सर विकत घेण्याआधी तपासावंच. पी०३४० म्हणजे ‘सेन्सर खराब’ असा निकाल नव्हे. कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमधून हवा तसा सिग्नल येत नाही, एवढीच तक्रार गाडीचा कॉम्प्युटर त्यातून नोंदवतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याचा कपलर आहे, कपलरपासून कॉम्प्युटरपर्यंत गेलेल्या वायरी आहेत, अर्थिंग आहे. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येतो. नवा सेन्सर बसवून आठवड्याने दिवा पुन्हा लागला अशी पत्रं आमच्याकडे वारंवार येतात, ती याच कारणाने.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण तो समजला की गाडीचं वागणंही उलगडतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं हे चक्र पुरं व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट तेवढ्या वेळात एकच फेरा घेतो. पिस्टन वर आला की क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून कॉम्प्युटरला ते कळतं. पण एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा धूर बाहेर ढकलताना. ठिणगी पहिल्या वेळी हवी असते. ही वेळ त्या दोनातली कोणती, हे क्रँकशाफ्टवरून ओळखता येत नाही, कारण त्याचे दोन्ही फेरे सारखेच दिसतात. ते ओळखण्यासाठी कॅमशाफ्टचा सेन्सर लागतो.

इंजिन चालू असताना हा सिग्नल तुटला, तर बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर आधीच्या हिशेबावर काम चालू ठेवतो. गाडी चालत राहते, फार तर पिकअप कमी होतो. पण इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. त्या वेळी कॅमचा सिग्नल नसेल तर कॉम्प्युटर अंदाजाने ठिणगी देऊन पाहतो, अंदाज चुकला तर पुन्हा पाहतो, आणि सेल्फ लांबत जातो. काही गाड्या तर अशा वेळी सुरूच होत नाहीत.

आता तुमच्या गाडीचं थंड असताना नीट आणि तापल्यावर कुरकुरत सुरू होणं. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हा सेन्सर हॉल परिणामावर चालतो. एडविन हॉल या अमेरिकी संशोधकाने १८७९ साली असं दाखवलं, की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकातून वीज गेली तर त्याच्या दोन बाजूंमध्ये आडवा विद्युतदाब तयार होतो. सेन्सरच्या टोकाशी लहानसं चुंबक असतं. कॅमशाफ्टच्या चकतीचा दात समोरून गेला की क्षेत्र बदलतं आणि आतली चिप सिग्नल पाठवते. चिपच्या जोडणीला बारीक तडा असेल तर उष्णतेने तो उघडतो आणि गार झाल्यावर पुन्हा मिटतो. इंजिन बंद केल्यावर पाण्याचं आणि हवेचं फिरणं थांबतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं बोनेटखाली उलट जास्त तापतं. तुमचा पेट्रोलपंपावरचा थांबा नेमका तेव्हाच येतो. म्हणून माझाही पहिला संशय सेन्सरवरच आहे. पण तापल्यावर सैल होणारा कपलर हुबेहूब हीच लक्षणं दाखवतो, आणि त्याची दुरुस्ती जवळजवळ फुकटात होते.

गाडी पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. सेन्सर साधारणपणे इंजिनाच्या वरच्या भागात, टॅपेट कव्हरच्या टोकाला किंवा कॅमशाफ्टच्या शेजारी असतो. नेमकी जागा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. चावी बंद ठेवून कपलरची कळ दाबून तो काढा. आत हिरवट थर, ऑईल, मागे सरकलेली किंवा वाकलेली पिन दिसते का बघा. पावसाळ्यात ओल आत शिरून पिना हिरव्या पडतात. मग वायर बोटांनी चाचपत जमेल तिथपर्यंत जा. उंदरांनी कुरतडलेली वायर आपल्याकडे इतक्या वेळा सापडते, की एअर फिल्टरच्या डब्यात किंवा बॅटरीशेजारी लेंड्या, चिंध्या दिसल्या तर मी आधी वायरिंगच तपासेन. पिना कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रेने साफ करा, वाळू द्या, कपलर ‘टक्’ आवाज येईपर्यंत घट्ट बसवा.

बॅटरीही बघा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. मरगळलेल्या बॅटरीमुळेही सेल्फच्या वेळी असे कोड नोंदले जातात.

यानंतर साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. तीन वायरींचा सेन्सर असेल तर एक वायर पुरवठ्याची, एक अर्थची आणि एक सिग्नलची. कपलर काढून चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुरवठ्याच्या वायरीवर मोजा. गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट मिळायला हवेत. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी अर्थच्या वायरीला लावली, की बॅटरीइतकाच आकडा यावा. पुरवठा किंवा अर्थ मिळाला नाही, तर दोष वायरिंगचा आहे. अशा गाडीत दहा नवे सेन्सर बसवले तरी दिवा जाणार नाही.

दोन्ही ठीक आले तर सेन्सरची खरी परीक्षा घ्या. तो बहुधा दहा नंबरच्या पान्याच्या एकाच बोल्टवर असतो. बोल्ट काढा आणि सेन्सर हाताने डावी-उजवीकडे फिरवत ओढा. पेचकस घालून उचकटू नका, प्लास्टिक तुटून टोक आतच राहतं. काढलेला सेन्सर कपलरला पुन्हा जोडा. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सिग्नलच्या वायरीला टेकवून त्यावर मीटर लावा. चावी ऑन करून सेन्सरच्या टोकासमोरून लोखंडी पाना पुढेमागे न्या. आकडा पाचच्या आसपास आणि शून्याजवळ असा उड्या मारायला हवा. मग हेअर ड्रायरने सेन्सर मिनिटभर तापवून हेच पुन्हा करा. थंड असताना उड्या मारणारा आकडा तापल्यावर गप्प झाला, तर सेन्सरच दोषी. या सगळ्यात सेल्फ मात्र मारू नका. दोन वायरींच्या सेन्सरला ही रीत लागू होत नाही, त्याची रचना वेगळी असते.

बदलायची वेळ आलीच तर कंपनीचाच सुटा भाग घ्या. इथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नकली सेन्सरचा सिग्नल थोडा पुढेमागे होतो आणि पी०३४० च्या जागी पी०३४१ उभा राहतो. ओ-रिंगला इंजिन ऑईलचं बोट लावून सेन्सर बसवा, बोल्ट बेताने आवळा. जुन्या सेन्सरच्या टोकावर काळपट चिकटा असेल तर चिंता नको. चमकणारे धातूचे कण दिसले, तर इंजिनाच्या आत काहीतरी झिजतंय, मेकॅनिकला दाखवा.

कोड वेगळा असता तर उत्तरही वेगळं असतं. पी००११ किंवा पी००१२ आला तर सर्वांत आधी डिपस्टिक बघावी. कॅमशाफ्टची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा इंजिन ऑईलच्या दाबावर चालते. ऑईल कमी, जुनं किंवा सांगितल्यापेक्षा जाड असेल तर ती अडखळते. ‘आपल्या उन्हाला जाड ऑईलच बरं’ हा सल्ला पातळ ऑईलसाठी बनवलेल्या इंजिनाला मानवत नाही. आणि पी००१६ आला, सोबत सकाळी सुरू करताना काही सेकंद खडखड ऐकू येत असेल, तर टायमिंग चेन ताणलेली असू शकते. ते काम घरी करू नये. चेन एक दात जरी सरकली, तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळायची भीती असते.

काम होईपर्यंत गावात जपून गाडी चालवायला हरकत नाही, दिवा स्थिर असेल तर. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, तेव्हा वेग कमी करून गाडी बाजूला घ्या. घाटात मात्र ही गाडी आत्ता नेऊ नका, ही कळकळीची विनंती. उतारावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर त्याला मिळणारी मदतही संपते.

प्रश्न : बॅटरीचं टर्मिनल थोडा वेळ काढून ठेवलं की दिवा जातो. मग एवढा खटाटोप कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बऱ्याच गाड्यांत दिवा जातो, पण सोबत पुरावाही जातो. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, किती फेऱ्यांवर होतं, गाडी चालत होती की उभी, हे कॉम्प्युटर साठवून ठेवतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लहानसं ब्लूटूथ उपकरण लावलं, की फोनवर ते वाचता येतं. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ही पद्धत नव्या मोटारींना सक्तीची आहे. तापमानाचा आकडा नव्वदच्या पुढे आणि वेग शून्य दिसला, तर सांगलीच्या वाचकांसारखीच तुमचीही गाडी तापल्यावर बिघडते हे एका नजरेत कळेल. म्हणून आधी त्या पडद्याचा फोटो काढा, मग दुरुस्ती करा. दोष खरंच गेला असेल, तर सहसा सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, टर्मिनलला हात लावावा लागत नाही.