समाजकार्य : शिक्षण आणि व्यवसाय

आपल्या संस्थेकडे शिष्यवृत्तीसाठी येणाऱ्या अर्जांत वैद्यक, इंजिनिअरिंग, वाणिज्य ही नावे नेहमीची असतात. एखादी मुलगी त्या जागी ‘समाजकार्य’ असे लिहिते, तेव्हा घरच्या वडील मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात : समाजसेवा तर आपण सगळेच सवडीने करतो, तिच्यासाठी पदवी कशाला? आणि त्या पदवीवर पोट भरेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुलीच्या उमेदीची चार-पाच वर्षे त्यांच्या उत्तरावर अवलंबून असल्याने ते नीट तपासले पाहिजेत.

पहिल्यासाठी क्षयरोग्याचे उदाहरण घेऊ. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते, आणि मजूर औषध सोडून कामावर जातो. सेवाभावाने गेलेले आपण त्याला फळे देऊ, चार गोष्टी सांगू व परत येऊ. शिकलेली कार्यकर्ती आधी विचारील : औषध आणण्यात रोज किती बुडतो? रोगाचे नाव शेजारी कळू नये असे वाटते काय? घरात जेवायला शेवटी कोण बसते? २०१८ पासून सरकार क्षयरोग्यास पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० झाली. पण पैसे बँकेत जमा होतात, आणि खाते किंवा कागद धड नसला की ते अडतात. तो अडथळा दूर करणे, मुकादमाशी बोलायचे तर आधी रोग्याची संमती घेणे, प्रत्येक भेटीची नोंद ठेवणे व अखेर निर्णय त्याचा त्याला घेऊ देणे, याला व्यक्तिकार्य म्हणतात. हे केवळ कळवळ्याने येत नाही. (मदत घेणाऱ्याचे छायाचित्र अहवालात छापण्याची आपली हौसही या शिक्षणात फार दिवस टिकत नाही, हे जाता जाता सांगतो.)

हे शिक्षण आपल्या देशात नवे नाही. मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने त्याची शाळा निघाली. १९४४ पासून ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले व त्याची समाजकार्य विद्याशाखा त्याच सुरुवातीच्या काळातील आहे. इंदूरची संस्था १९५१ ची, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. म्हणजे बडोदा-इंदूरकडील आपल्या मुलांना यासाठी घर सोडावेच लागेल असे नाही.

वाट अशी आहे. बारावीनंतर समाजकार्याची पदवी घेता येते. किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेऊन दोन वर्षांचा एम.एस.डब्ल्यू. करता येतो. माझे मत दुसऱ्या मार्गाकडे झुकते. सतराव्या वर्षी मन पक्के नसते, आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांची बैठक पुढे उपयोगीच पडते. वाणिज्य शिकलेल्यानेही कचरू नये. संस्थांना हिशेब समजणारा माणूस हवाच असतो. टाटा संस्थेचा एम.ए. चा प्रवेश २०२४ पासून केंद्रीय सामायिक परीक्षेतून होऊ लागला. इतर ठिकाणचे नियम वेगळे, ते त्या त्या वर्षी पाहावेत.

मात्र प्रवेशाआधी स्वतःची परीक्षा घ्यावी. सहा महिने, दर शनिवारी, एकाच वस्तीत किंवा रुग्णालयात जावे आणि घरी येऊन काय पाहिले व काय ऐकले ते अर्धे पान लिहावे. चौथ्या महिन्यात कंटाळा येईल. त्यानंतरही जाववत असेल तर पुढे जावे. अभ्यासक्रमात हेच मोठ्या प्रमाणावर असते : आठवड्यातील काही दिवस क्षेत्रकार्य, त्याचे लेखी वृत्तांत, व मार्गदर्शकापुढे त्यांची कसून तपासणी. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना येथे मोठा फायदा आहे. तो गुणपत्रिकेत दिसत नाही इतकेच.

आता पोटाचा प्रश्न. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० व अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हापासून कारखान्यांची दारे उघडली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालसंरक्षणाच्या यंत्रणेत समाजकार्य शिकलेल्यांना जागा दिली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तेथेही माणसे लागतात. रुग्णालये आहेतच. परंतु स्पष्ट सांगायचे तर यांतील पुष्कळ नेमणुका कराराच्या असतात व पहिली काही वर्षे पगार बेताचाच राहतो. म्हणून मोठे कर्ज काढून महागड्या खाजगी महाविद्यालयात हे शिक्षण घेऊ नये. सरकारी किंवा अनुदानित संस्था मिळेपर्यंत एक वर्ष थांबणे बरे.

विश्वस्त मंडळींस एक विनंती. आपली शिष्यवृत्ती फीच्या पावतीवर मिळते. या विद्यार्थ्यांचा खरा खर्च क्षेत्रकार्याच्या बसभाड्याचा व परगावी काही आठवडे राहण्याचा असतो, आणि त्याला पावती नसते. फी भागूनही मुली येथेच अडतात. पुढील वर्षीच्या अर्जात त्यासाठी एक वेगळा रकाना असावा.