सहलीची आखणी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीची रांग तटासारखी उभी आहे. तिच्या पलीकडे जुन्नरचा प्रदेश, अलीकडे कोकणची सखल भूमी. कल्याणहून मुरबाड व सरळगाव मागे टाकीत रस्ता पूर्वेकडे चालला, की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. टोकावडे गाठेपर्यंत त्यांचे कडे स्पष्ट दिसू लागलेले असतात. हाच रस्ता पुढे वैशाखरे, मोरोशी करीत माळशेज घाट चढतो.

टोकावडे हे मुरबाड तालुक्यातील गाव. त्याच्या आसपास भातशेती, सागाची राने आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. येथून निघणाऱ्या प्रवाशाला नाणेघाटाची प्राचीन वाट, माळशेजचा घाट व मोरोशीचा भैरवगड एकाच रस्त्याने गाठता येतात. याच तालुक्यात गोरखगड आणि सिद्धगडही आहेत. इतकी स्थळे हाताशी असली, म्हणजे 'कोठे जावे?' हा प्रश्न सोपा होतो. खरा प्रश्न असतो, 'केव्हा जावे?' कारण डोंगर वर्षभर जागच्या जागी असला, तरी त्याची वाट प्रत्येक ऋतूत निराळी होते.

वैशाखात डोंगर तापलेला असतो. ओढे आटतात, पानगळ झालेल्या रानात सावली उरत नाही आणि कातळावर हात ठेववत नाही. शेतकरी या दिवसांत राब भाजतात. शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून ते जाळतात. त्यामुळे तण मरते आणि राखेने कसदार झालेल्या त्या जमिनीत पुढे भाताची रोपे तयार होतात. अशा दिवसांत चढणीची सहल काढणे शहाणपणाचे नव्हे. मात्र मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे शिंतोडे पडले, की रानात काजवे चमकू लागतात. एखादे झाड क्षणात उजळते आणि क्षणात मालवते. ही शोभा गावाजवळूनच, मोठ्या माणसांच्या सोबतीने, दिवे मालवून व काजव्यांना हात न लावता पाहावी.

जूनमध्ये मोसमी पाऊस येतो आणि सारा देखावा पालटतो. काळ्या कड्यांवरून पांढरे प्रपात कोसळू लागतात. नाणेघाटाच्या माथ्यावर तर पाणी खाली पडण्याऐवजी वर उडताना दिसते! समुद्राकडून येणारा जोराचा वारा कड्यावर आदळून वर वळतो आणि पाण्याची धार तुषार करून पुन्हा माथ्यावर फेकतो. या नवलाने लहानथोर सर्वांनाच पावसाळ्यात डोंगराचा मोह पडतो.

परंतु हाच काळ सर्वांत धोक्याचा. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होऊन वाहतो. पाऊस पायथ्याशी पडावाच लागतो असे नाही. वर माथ्यावर सर आली, तरी खाली लोंढा येतो. शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि भिजलेली माती केव्हा सुटेल याचा नेम नसतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात माळीण या गावावर डोंगराचा कडा खचला आणि सुमारे दीडशे माणसे त्याखाली गेली. ते गाव याच सह्याद्रीच्या पलीकडच्या बाजूला आहे. डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांनाही जेथे सुगावा लागला नाही, तेथे एका दिवसाच्या पाहुण्याने किती सावध असावे! म्हणून पावसाळ्यात माळशेजची शोभा रस्त्यावरच्या सुरक्षित जागेवरून पाहावी. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, त्या दिवशी घरीच राहावे. प्रशासनाने धबधब्याकडे जाण्यास बंदी केली असेल, तर ती मोडू नये.

दसरा-दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येते. पाऊस थांबलेला असतो, हवा स्वच्छ असते, ओढ्यांना अजून पाणी असते आणि ऊन सोसवण्याजोगे असते. येथून माघापर्यंतचा काळ चढणीच्या सहलींचा. पौष पौर्णिमेला म्हसे येथे मोठी यात्रा सुरू होते. बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. २ जानेवारीला सिद्धगडाच्या परिसरात लोक श्रद्धेने जमतात. सन १९४२च्या आंदोलनात माथेरानच्या भाई कोतवालांनी 'आझाद दस्ता' उभारला होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी या दस्त्याला गाठले. त्या चकमकीत भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

ऋतू ठरला, की आखणीला आरंभ होतो. समजा, टोकावड्याच्या परिसरातील एका शाळेच्या सातवीच्या चाळीस मुलांनी नाणेघाटाची सहल काढण्याचे ठरविले. मुले म्हणाली, "गुरुजी, जुलैत जाऊ. उलटा धबधबा पाहू." गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन रकाने काढले. एकावर 'काय दिसेल?' असे लिहिले, दुसऱ्यावर 'परत कसे येऊ?' पहिला रकाना भराभर भरला. दुसऱ्यात ओढा, निसरडी वाट, धुके, दरड असे शब्द येऊ लागले, तशी मुले गप्प होत गेली. शेवटी वर्गातला एक ठाकर मुलगा म्हणाला, "आवणं लावायच्या दिवसांत आमचा बाबासुद्धा वर जात नाही." डिसेंबर ठरला.

मग कामाची वाटणी झाली. एका गटाने एस.टी.च्या वेळा विचारून घेतल्या. दुसऱ्याने वैशाखऱ्याच्या बाजूचा एक माहितगार वाटाड्या ठरविला. कारण रानात गुराख्यांच्या अनेक पायवाटा फुटतात आणि त्या सर्व एकसारख्या दिसतात. तिसऱ्या गटाने सामानाची यादी केली : प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, अंगभर कपडे, टोपी, पकड असलेले बूट, एक शिट्टी, सर्वांत मिळून प्रथमोपचाराची पेटी, विजेऱ्या आणि कचरा परत आणण्यासाठी गोणपाटाची पिशवी. चौथ्या गटाने सर्वांची नावे, जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ एका कागदावर लिहून तो मुख्याध्यापकांकडे ठेवला. भ्रमणध्वनी जवळ असला, तरी घळीत तो चालेलच असे नाही. पण गावात ठेवलेला कागद निश्चित कामास येतो.

यादीच्या शेवटी गुरुजींनी स्वतः एक ओळ लिहिली : 'साडेबारा वाजता जेथे असू, तेथून मागे फिरावयाचे.' मुलांना ही ओळ रुचली नाही. माथा चार पावलांवर राहिला तरीसुद्धा? गुरुजी म्हणाले, "तरीसुद्धा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रानात अंधार त्याहून लवकर पडतो. माथा पुढच्या वर्षीही तेथेच असेल."

ठरल्याप्रमाणे सहल निघाली. महामार्ग सोडून वाट रानात शिरली, तेव्हा पानांवर दव होते. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे गुरुजी, आणि सर्वांत हळू चालणारा मुलगा वाटाड्याच्या पाठोपाठ. म्हणजे तांड्याचा वेग त्याच्या वेगाएवढा. कड्याला आग्या मोहोळे असतात, म्हणून कोणी आरडाओरडा केला नाही. प्रत्येक विसाव्याला मोजणी झाली. अखेरची पायऱ्यांची चढण संपली आणि कड्याच्या पोटातील लेणे समोर आले, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातील व्यापारी मार्ग. कोकणातील सोपारा, कल्याण ही बंदरे या घाटाने जुन्नरशी आणि पुढे प्रतिष्ठान म्हणजे पैठणशी जोडलेली होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, एक विस्तृत लेख कोरला गेला. राणी नागनिकेशी निगडित अशा त्या लेखात यज्ञांची व दानांची नोंद आहे. किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली हे सांगताना त्यात संख्या अंकांत कोरल्या आहेत. भारतातील अंकलेखनाच्या जुन्या नमुन्यांत त्यांना मोठा मान आहे. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकांचा अभ्यास केला. सातवाहन कुलातील व्यक्तींच्या मूर्तीही येथे होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. माथ्यावर दगडी रांजण आहे. घाटाने जाणाऱ्यांची जकात त्यात जमा होत असे, असे परंपरेने सांगितले जाते.

मुलांनी लेख पाहिला, पण भिंतीला हात लावला नाही. मग त्यांचे लक्ष जवळच्या पाण्याच्या टाक्यांकडे गेले. कठीण कातळ फोडून ती खोदलेली. एका मुलीने विचारले, "गुरुजी, राजवाडा नाही, गाव नाही, मग येथे एवढे श्रम कशासाठी केले?"

गुरुजी म्हणाले, "वाटसरूसाठी. ओझे घेऊन घाट चढून आलेल्या माणसाला तहान लागणार, हे कोणीतरी आधी ओळखले होते. तुम्ही आपली आखणी कागदावर केली. त्यांनी ती कातळात खोदली."

दीड वाजता तांडा उतरू लागला. पाच वाजण्यापूर्वी सर्व मुले महामार्गावर आली. मोजणी झाली : चाळीस. पिशवीत स्वतःचा कचरा होता, आणि दुसऱ्यांनी टाकलेलाही. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी तो नावांचा कागद मुलांच्या हाती परत दिला. तो फाडून न टाकता मुलांनी वर्गाच्या भिंतीवर लावला आणि खाली लिहिले : 'पुढच्या वर्षीच्या सातवीसाठी.'

शब्दार्थ
राब – भाताची रोपे तयार करण्यासाठी भाजलेली जमीन. आवण – लावणीसाठी तयार केलेले भाताचे रोप. घळ – डोंगरातील अरुंद, खोल दरी. टाके – कातळात खोदलेला पाण्याचा साठा. जकात – मालावरील कर. वाटाड्या – वाट दाखविणारा.

स्वाध्याय
१. चढणीच्या सहलीसाठी कोणता काळ योग्य आहे? का?
२. नाणेघाटात पाणी वर उडताना का दिसते?
३. कारणे लिहा : (अ) सर्वांत हळू चालणारा मुलगा वाटाड्याच्या पाठोपाठ ठेवला. (आ) नावांचा कागद गावात ठेवला.
४. 'तुम्ही आपली आखणी कागदावर केली. त्यांनी ती कातळात खोदली.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. आपल्या गावाजवळील एका स्थळाच्या सहलीची आखणी करा. 'काय पाहू?' आणि 'परत कसे येऊ?' असे दोन रकाने करून ती लिहा.