परराज्यातील जुनी गाडी : कागद आधी, पैसे नंतर

उमरगा, नळदुर्ग भागातील आपले व्यापारी व कारागीर बंधू दुकानाच्या कामासाठी बीदर, कलबुर्गी किंवा हैदराबादहून जुनी मोटार घेतात. तिथे भाव कमी वाटतो. पण पुढील खर्च धरून मगच सौदा करावा, असे आम्ही सुचवतो.

१) ना हरकत दाखला : मूळ आरटीओचा फॉर्म २८ विकणाऱ्याकडून घ्यावा. कर्ज फिटले असल्यास बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ मागावा. नाहीतर बोजा गाडीवर तसाच राहतो. चेसिस व इंजिन क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत.

२) मालकी बदल : फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या हव्यात. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

३) नवा क्रमांक : गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ महाराष्ट्रात राहणार असेल, तर नवी नोंदणी सक्तीची आहे. धाराशिवला एमएच-२५ मिळतो.

४) कर : महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. कर्नाटकातील आजीवन कराच्या उरलेल्या रकमेचा परतावा तिकडेच अर्ज करून मागावा.

५) विमा : १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते. स्वतःच्या गाडीच्या भरपाईचा दावा मात्र अडतो.

विकणारा ओळखीचा असला तरी दाखला हाती येईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवावी, आणि तसे लेखी करून घ्यावे. सारे पैसे मिळाल्यावर दाखल्यासाठी धावपळ करणारा विरळाच!